तोंड उघडेपर्यंत मी इथलीच

मॉरिशसमधल्या कात्र बॉर्नच्या बाजारात बुधवारी आणि शनिवारी भाजी असते, गुरुवारी आणि रविवारी तिथेच कपडे. हे मला पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी गुरुवारी पिशवी घेऊन मेथी आणायला गेले आणि तीन गाऊनांचे भाव ऐकून परत आले. म्हणजे भाव ऐकले असं मी समजते. गाऊनवाली बाई माझ्याशी जे काय धाडधाड बोलत होती त्यातला एक शब्दही मला कळला नाही, आणि मला कळत नाहीये हे तिला कळलं नाही, कारण माझ्या तोंडाकडे बघून तिला तशी शंका यायचं काही कारणच नव्हतं.

मॉरिशसला राहायला येऊन आता तीन वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी एबेनला, ते इथलं आपलं हिंजवडी म्हणा, फक्त ट्रॅफिक निम्मं. परदेशात राहणाऱ्या मैत्रिणींचं नेहमीचं गाऱ्हाणं असतं की लोक वळून वळून बघतात, आपण वेगळे दिसतो, कुठून आलात विचारतात. माझं उलटं झालंय. इथे माझ्याकडे कोणीही वळून बघत नाही. साधारण साडेबारा लाखांचा देश, त्यातले दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे, त्यामुळे बसमध्ये बसले की शेजारची बाई अगदी डोंबिवलीच्या लेडीज डब्यात शोभेल अशी असते, केसाला तेल, हातात डबा, आणि ती माझ्याकडे वळून जे काय बोलते ते असतं क्रेओल, म्हणजे इथली बोली. मी आपली हसून मान हलवते. मग ती अजून बोलते. मग मी म्हणते "मो पा कोंप्रां", मला समजत नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं, म्हणजे आधी तिला वाटतं ही शिष्ट आहे, मुद्दाम करतेय, आणि मग अचानक, "आऽ, ऊ सोर्ती लेंद!" अच्छा, तू इंडियाहून आलीस होय. लेंद म्हणजे इंडिया. त्यानंतर हमखास दोन प्रश्न, तुमच्याकडे खूप गर्दी असते ना आणि शाहरुख खानला पाहिलंयस का.

येण्याआधी मला वाटलं होतं हिंदीवर निभेल. नाही निभत. हिंदी पिक्चर सगळे बघतात, गाणी तोंडपाठ, पण बोलायला गेलं की मोडकंतोडकं. सरकारी कागद इंग्लिशमध्ये, पेपर फ्रेंचमध्ये, आणि घरात, बाजारात, भांडणात, प्रेमात क्रेओल. फ्रेंचांनी 1715 साली बेट घेतलं, 1810 ला इंग्रजांनी त्यांच्याकडून जिंकलं, पण इंग्रजांनी लोकांची भाषा बदलायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलेलं दिसतं, त्यामुळे दीडशे वर्षं राज्य इंग्रजांचं आणि बोलणं फ्रेंचच्या पोटातून आलेलं. ही भाषा फ्रेंचांच्या काळातल्या गुलामांच्या तोंडी तयार झाली आणि नंतर आलेल्या आपल्या लोकांनी तीच उचलली.

शिकायला मात्र सोपी आहे हो. कर्ता बदलला तरी क्रियापद बदलत नाही. मो मांझे, तो मांझे, ली मांझे, मी तू तो सगळे मांझे. मध्ये "पे" टाकला की खातोय, "ती" टाकला की खाल्लं, "पू" टाकला की खाणार. झालं व्याकरण. खाल्ला खाल्ली खाल्लं, पोळी खाल्ली पण भात खाल्ला आणि वरण खाल्लं, हे सगळं ज्या बाईने लहानपणापासून डोक्यात सांभाळलंय तिला हे म्हणजे सुट्टी लागल्यासारखं वाटतं. माझी लेक सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागली आणि आता चारचौघात मला दुरुस्त करते. माझी अडचण उच्चारांची. मी बोलले की त्यात कुठेतरी चिपळूण डोकावतं.

भाज्यांमुळे मला ही भाषा खरी आली. पहिले दोन महिने नुसतं बोट दाखवून भाजी घेतली, मग एकदा एका म्हाताऱ्या भाजीवाल्याने, इथे म्हाताऱ्या माणसाला तोंतों म्हणतात, म्हणजे काका, त्याने वैतागून मला नावंच पाठ करायला लावली. भेंडी उचलायची, "लालो", मी म्हणायचं लालो. वांगं ब्रेंजेल. कारलं मार्गोज. पडवळाला पातोल म्हणाला तेव्हा मला जरा घरच्यासारखं वाटलं. कोथिंबीर तर कोतोमिली, थेट तमिळमधून आलेली. शेवग्याचा पाला म्हणजे ब्रेद मुरूम, आणि टोमॅटोला पॉमदामुर, म्हणजे चक्क प्रेमाचं सफरचंद. आता रोज आमटीत प्रेमाची सफरचंदं घालणाऱ्या बाईने अजून किती रोमँटिक व्हावं. अळू मिळतं, त्याच्या मुंडल्यांची भजीपण मिळतात, पण अळूवडी आमच्या आजूबाजूला कोणाला माहीत नव्हती. मी एकदा करून खाली पाठवली तर ताट परत येताना त्यात केळी होती आणि निरोप होता की ते गुंडाळलेलं काय होतं, परत कधी करणार.

खाली म्हणजे आमच्या घरमालकीण. त्यांना मी मातांत म्हणते. मातांत म्हणजे मावशी, काकू, आत्या, सगळं एकत्र. त्यांचे आजे-पणजे बिहारकडचे, आजी भोजपुरीत बोलायची म्हणे, ह्यांना भोजपुरी समजतं पण बोलतात क्रेओल. वय सत्तरीच्या पुढे. सकाळी साडेपाचला अंगणातल्या हनुमानाच्या छोट्या देवळीसमोर दिवा लावतात, तिथे बांबूवर लाल झेंडा, तो दर वर्षी बदलायचा. रस्त्याने जाताना लाल झेंडे मोजत गेलं की कळतं हिंदू घरं कुठली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं काहीतरी पक्षाचं ऑफिस आहे.

तर मातांतची आणि माझी खरी ओळख झाली ती होळीला. त्याआधी दालपुरीबद्दल सांगायला पाहिजे. दालपुरी हा इथला वडापाव आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर काचेची पेटी, आत पातळ फडक्यात गुंडाळलेल्या पिवळसर मऊ पोळ्या, तव्यावरून उतरलेल्या, डाळ शिजवून कोरडी वाटून हळद घालून आत भरलेली, इतकी पातळ की हातात धरली तर पलीकडचा माणूस दिसेल. त्या जोडीनेच मिळतात, एक मागितली तरी दोन. वर ग्रो प्वा म्हणजे पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोची रुगाय, थोडं लोणचं, आणि मग तो माणूस मान वर न करता विचारतो "पिमां?" मिरची हवी का. हो म्हणताना विचार करा. मी पहिल्या दिवशी भारतीय म्हणून छाती काढून हो म्हटलं आणि नंतर रस्त्यावर उभं राहून डोळे पुसत होते, आणि तो शेजारच्याला काहीतरी सांगून हसत होता ज्यात लेंद हा शब्द दोनदा आला. कागदात गुंडाळून देतात, उभ्याउभ्या खायचं, कोपरापर्यंत ओघळ. बँकेचा मॅनेजर असो नाहीतर गवंडी, दुपारी बाराला सगळे त्याच पेटीसमोर.

म्हणजे बघा, डाळ शिजवून वाटून पोळीत भरायची. माझ्या डोक्यात पहिल्या घासाला जे आलं ते तुमच्याही आलं असणार. होळीला मी पुरणपोळ्या केल्या, चणाडाळ मिळते, गूळ मिळाला, जायफळ घरून आणलेलं, आणि चार पोळ्या वर तूप सोडून मातांतकडे घेऊन गेले. त्यांनी ताट बघितलं, खूश झाल्या, "आ, दालपुरी!" म्हणून फ्रिज उघडला आणि रस्सा गरम करायला ठेवला. मी म्हणतेय नको नको, तशीच खा. त्यांना वाटलं मी भिडेखातर म्हणतेय. शेवटी त्यांनी पोळीचा तुकडा पावट्याच्या रश्श्यात बुडवला, वर हिरव्या मिरचीची सातिनी, सातिनी म्हणजे चटणी, आणि तोंडात टाकला. मग त्या थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाल्या, "तिफी, तुझ्या हातून साखर पडलीय ह्यात."

तिफी म्हणजे पोरी. आजही त्या ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि प्रत्येक वेळी साखरेचं प्रमाण वाढत जातं.

घरी फोन केला की आईचा पहिला प्रश्न, रोज समुद्रावर जाता का. आईला कसं सांगू की आम्ही राहतो ते मध्यावरच्या पठारावर, इथून समुद्र गाडीने अर्ध्या तासावर, आणि जून ते ऑगस्ट इथे थंडी असते. होय थंडी. आम्ही 2022 च्या जूनमध्ये उतरलो, बॅगेत सगळे कॉटनचे ड्रेस, आणि रात्री पंधरा-सोळा डिग्री, घरात हीटर नाही, वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालतोय. क्युरपिपला तर बारा महिने पाऊस आणि धुकं, तिथले लोक छत्री घेऊनच जन्माला येतात असं बाकीचे म्हणतात. समुद्रावर आम्ही रविवारी जातो, आणि तिथे हॉटेलांच्या जाहिरातीत दिसतं तसलं काही नसतं. फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, अगदी आपल्या दिवेआगरसारखी, आणि त्या सुरूखाली अख्खी खानदानं भाड्याची बस करून आलेली असतात, टोप भरून बिर्याणी, ताडपत्री, आजीसाठी खुर्ची, बादलीत बर्फ आणि बियर. जेवणं झाली की कोणीतरी रावान काढतं, ती बकऱ्याच्या कातड्याची मोठी डफासारखी असते, आधी शेकोटीवर शेकून ताणून घेतात, आणि मग सेगा सुरू. पाय वाळूवरून उचलायचे नाहीत, नुसते सरकवायचे, बाकी सगळं कमरेतून. काल मंदिरात डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बायका आज इथे पंजाबी ड्रेसमध्ये सेगा करत असतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला सुरुवातीला वाटलं. आता मीपण सरकवते पाय.

वैतागही आहेत, नाही असं नाही. दुकानं पाच-साडेपाचला बंद. गुरुवारी तर आमच्या गावात बरीच दुकानं दुपारीच शटर ओढतात. डोंबिवलीत रात्री दहाला ब्लाउजपीस मॅच करायला जाणाऱ्या बाईला हे फार जड जातं. आणि "तालेर" नावाचा एक शब्द आहे. प्लंबरला फोन केला, कधी येणार, तालेर. शब्दशः मगाशी किंवा थोड्या वेळाने, दोन्ही. प्रत्यक्षात आज संध्याकाळी, परवा, किंवा ख्रिसमसनंतर. आमचा नळ तीन आठवडे तालेर होता. पण तो प्लंबर आला तेव्हा आधी पाच मिनिटं "कि मान्येर?" कसं काय, "कोरेक", मस्त, घरचे कसे, पोरगी कशी, आणि मग पान्याला हात. आपण लगेच नळ कुठे गळतो ते दाखवायला गेलं की त्यांना ते उद्धटपणाचं वाटतं, हे मला फार उशिरा कळलं.

अजून एक मजा नोटांची. इथल्या नोटांवर इंग्लिशबरोबर तमिळ आणि देवनागरीतही रक्कम असते. 1998 ला नवीन नोटा छापल्या त्यात तमिळ ओळ देवनागरीच्या खाली गेली, तमिळ लोक खवळले, कारण त्यांचं म्हणणं की आम्ही आधी आलो, आणि सरकारने त्या नोटा मागे घेऊन नवीन छापल्या. साडेबारा लाखांच्या देशात सगळ्यांना एकमेकांचा हात धरून राहायचंय आणि सगळ्यांना आपली ओळ वर हवीय. सुट्ट्यांची यादी बघा, महाशिवरात्र, तमिळांची कावडी, चिनी नववर्ष, ईद, ख्रिसमस, आणि गणेश चतुर्थी. त्यातली ही शेवटची आपल्या लोकांमुळे. पण त्याच्या आधी सिक्लोन सांगते.

नोव्हेंबर ते मे वादळाचा मोसम. रेडिओवर क्लास वन, टू, थ्री, फोर असे इशारे येतात. वन म्हणजे तयारीला लागा. फोर म्हणजे ताशी 120 किलोमीटरच्या वर झोत नोंदवले गेले, आता कोणी दाराबाहेर पाय टाकायचा नाही. मला आधी वाटलं ह्यात काय एवढं, आपण 26 जुलै पाहिलेली माणसं. जानेवारी 2024 ला बेलाल आलं. आदल्या दिवशी मातांत वर आल्या, त्यांनी माझं घर तपासलं, अक्षरशः तपासलं, बाल्कनीतल्या कुंड्या आत, कपड्यांचा स्टँड आत, बादल्या-पातेली सगळी भरून, मेणबत्त्या कुठायत, सार्डिनचे डबे कुठायत. मी म्हटलं आम्ही शाकाहारी. त्या म्हणाल्या वादळात कोणी शाकाहारी नसतं. मग स्वतःच खाली जाऊन चीजचा डबा आणि दोन लांब पाव आणून दिले.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईत रस्त्यावरून गाड्या वाहत गेल्या ते व्हिडिओ तुम्हीपण पाहिले असतील, भारतातूनही मला चाळीस मेसेज आले. आमच्याकडे पठारावर पाणी नव्हतं पण वारा होता. तो आवाज मला सांगता येत नाही. लोकल रिकाम्या फलाटावरून न थांबता जाते ना, तो आवाज, फक्त ती गाडी संपतच नाही. लाइट गेलेली. आम्ही तिघं खाली मातांतकडे बसलो होतो, आणि त्या अगदी शांतपणे फाराता लाटत होत्या, आपले पराठेच ते, गॅसवर एकेक भाजत 1960 च्या कॅरोल वादळाबद्दल सांगत होत्या. तेव्हा त्या लहान, घर लाकडाचं आणि पत्र्याचं, वाऱ्याने छप्पर उचललं आणि त्यांच्या वडिलांनी सगळ्या मुलांना पलंगाखाली घालून वर स्वतः पालथे पडले. कॅरोलनंतर बेटावर सगळीकडे सिमेंटची सपाट स्लॅबची घरं आली. मी आल्यापासून नावं ठेवत होते की काय ही खोक्यासारखी घरं, इतक्या सुंदर बेटावर, वर सळया उघड्या सोडलेल्या. सळया मुलासाठी असतात, त्याचं लग्न झालं की वरचा मजला. त्या रात्री मी त्या स्लॅबकडे फार वेळ बघत बसले होते.

आता गणपती.

पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं की कास्कावेलला मराठी लोकांचा गणपती असतो, आणि माझी कल्पना अशी की कोणतंतरी महाराष्ट्र मंडळ असेल, आयटीवाले, नथ घातलेल्या बायका, मसालेभात. गेलो तर तसलं काही नाही. हे वेगळेच मराठी. ह्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात, गुलामगिरी बंद झाल्यावर, ऊसमळ्यांवर करारावर मजूर म्हणून मुंबईहून बोटीने आले, बरेचसे रत्नागिरीकडचे. पोर्ट लुईला तो आप्रवासी घाट आहे, आता युनेस्कोच्या यादीत, त्याच्या सोळा पायऱ्या चढून माणसं आत यायची. ह्यांची आडनावं म्हणजे त्या पहिल्या माणसाचं नाव, इंग्रज कारकुनाने लिहून घेतलेलं. आडनाव रामजी, आडनाव सखाराम, आडनाव बापू. परब नाही, सावंत नाही, कुळकथा सगळी बोटीतच राहिली. घरात क्रेओल बोलतात. मुलं शाळेत मराठी विषय घेतात, आपण संस्कृत घ्यायचो तसा. आणि गणपती मात्र बसतो. 1896 पासून बसतोय म्हणतात.

सुट्टीची गंमत माहितीये का? चतुर्थीला सुट्टी नसते, दुसऱ्या दिवशी असते. पहिल्या वर्षी मला वाटलं कॅलेंडरात चूक झालीये. चूक नाही, ह्यांचा गणपती दीड दिवसाचा, कोकणातल्यासारखा, म्हणून सुट्टी विसर्जनाला. सव्वाशे वर्षांत भाषा गेली, आडनाव गेलं, पण दीड दिवस म्हणजे दीड दिवस, त्यात तडजोड नाही.

आरती सुरू झाली, सुखकर्ता दुःखहर्ता, शब्द तेच पण संथ, आणि "नुरवी" चा उच्चार फ्रेंच घशातून आल्यासारखा. मी सवयीने डोंबिवलीच्या स्पीडने सुरू केलं आणि "जय देव जय देव"ला सगळ्यांच्या आधी पोचले. आजूबाजूच्या बायका कौतुकाने बघत होत्या, पण एका आजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला, म्हणजे हळू. आणि नंतर अंगणात बायापुरुष गोल करून नाचायला लागले, ढोलकी, झांज, आणि एक म्हणणारा नि बाकीचे झेलणारे. ह्याला ते झाकरी म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला, कारण ही तर जाखडी. लहानपणी गणपतीत मामाकडे चिपळूणला पोरं पायात चाळ बांधून घरोघर नाचायला यायची तीच. ह्यांना जाखडी शब्द माहीत नाही. आणि माझ्या डोंबिवलीच्या सोसायटीत ती कोणी नाचत नाही. गाण्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, ते मराठीच होते, पण असं मराठी आता कोणी बोलत नाही, आणि ते गाणाऱ्यांनाही कळत होते की नाही देव जाणे.

तिथेच मला आणखी एक तोंतों भेटले. निवृत्त मास्तर, मराठी शिकवायचे. ते माझ्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलले, "आपण कोणत्या ग्रामातून आलात?" आणि मी आपलं "अॅक्च्युअली मी डोंबिवलीची, पण माझं माहेर म्हणजे ओरिजिनली..." ते चेहरा गंभीर करून ऐकत होते. मग म्हणाले, तुमची मराठी समजायला कठीण आहे, त्यात इंग्रजी फार आहे. घ्या. समुद्र ओलांडून आले आणि माझ्या मराठीला नापास केलं.

2025 च्या 27 ऑगस्टला मी तिसऱ्यांदा गेले. आरती झाल्यावर तोंतोंनी पाकिटातून एक कागद काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या मजुरांची सगळी दप्तरं आहेत, तिथून लोक आपल्या पूर्वजाचा उतारा काढून आणतात. त्यांनी नुकताच काढला होता. नाव, बापाचं नाव, वय बावीस, उंची, कपाळावर डाव्या बाजूला व्रण. जिल्ह्याच्या जागी वळणदार इंग्लिश अक्षरात रत्नागिरी, ते वाचता येत होतं. गावाच्या जागी जे लिहिलं होतं ते वाचलं तर होतं "मुकजून".

"हे कुठे आहे?" त्यांनी विचारलं. पुस्तकी नाही, क्रेओलमध्ये, "कोत सा?"

मी तो कागद हातात धरून उभी. कारकून इंग्रज, सांगणारा कोकणी, बोट सुटायच्या घाईत, बाहेर ओळ लागलेली, आणि ह्याने जे ऐकलं ते खरडलं. मुकजून मुकजून असं तोंडातल्या तोंडात दहा वेळा म्हणून पाहिलं, जरा नाकात, जरा मामाच्या हेलात. मग म्हटलं फोटो काढू का. त्यांनी कागद पिशवीतून काढून सुरूच्या झाडाखाली मांडीवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबला, आणि मी त्या अंगठ्यांसकट फोटो काढून मामाला पाठवला.

तिकडे दीड तास पुढे असतं, म्हणजे रात्रीचे साडेदहा होऊन गेलेले, मामा झोपला असणार. सकाळी उठले तर त्याचा मेसेज.

"माखजन असणार. संगमेश्वराजवळ. नक्की तेच. कोण आहेत हे? त्यांना विचार वाडी कुठली."

आता हे तोंतोंना कसं विचारायचं. माखजन मी फोन करून लगेच सांगितलं, तर पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं लाइन कट झाली. मग ते हळूहळू "मा-ख-जन" असं तीनदा म्हणाले आणि मला स्पेलिंग विचारलं. देवनागरीत. मी सांगितलं, म ला काना, ख, ज, न. पण वाडीचं राहिलंच. मामाचे दोन मेसेज येऊन गेलेत, विचारलंस का म्हणून, आणि मातांतला विचारलं की क्रेओलमध्ये वाडीला काय म्हणतात तर त्या म्हणाल्या, वाडी म्हणजे काय ते आधी सांग, गोड असतं का?